आठवडाभर पाण्यात, शनिवारी मैदानात

(दृश्य: टॉटनमचं तेव्हाचं मैदान व्हाइट हार्ट लेन, जुनं चित्रण. प्रेक्षकांचा गलका.)

५ नोव्हेंबर २००६. उत्तर लंडन. टॉटनम विरुद्ध चेल्सी.

चेल्सीचा आर्येन रॉबेन चेंडू घेऊन सुटलाय. टॉटनमचा बचाव मागे पडला, पुढे उरलाय फक्त गोलरक्षक. त्या काळात रॉबेन असा सुटला की लोक गोल धरूनच चालायचे. पण मागून एक जण पळत येतोय. उंच, लांब पावलं टाकणारा. तो रॉबेनला गाठतो, जमिनीवर घसरतो आणि पाय लांबवून चेंडू अलगद काढून घेतो. शिट्टी वाजत नाही, कारण पंचांना शिट्टी वाजवण्यासारखं काही घडलेलंच नाही.

हा टॅकल मी किती वेळा पाहिलाय, त्याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी वाटतं, आता चुकणार, आता पेनल्टी जाणार. आणि प्रत्येक वेळी पाय बरोबर चेंडूवरच पडतो.

टॉटनमने तो सामना २-१ असा जिंकला. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये चेल्सीला हरवण्याची ही १९९० नंतरची त्यांची पहिलीच वेळ होती.

त्या बचावपटूचं नाव लेडली किंग. टॉटनमचा कर्णधार, वय २६. त्याच्या पुढच्या हंगामात तो लीगच्या ३८ सामन्यांपैकी फक्त ४ खेळला. दुखापतींनी ग्रासलेल्या अशा गुणी खेळाडूला क्लबने ठेवावं की सोडावं?

(दृश्य: पूर्व लंडनमधल्या वस्त्या, गल्लीत खेळणारी मुलं.)

किंग पूर्व लंडनमधल्या बो भागातला. १९९६ मध्ये तो टॉटनममध्ये शिकाऊ खेळाडू म्हणून आला आणि मे १९९९ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध पहिल्या संघातून पहिला सामना खेळला. २००१ मध्ये क्लबचा कर्णधार सोल कॅम्पबेल करार संपवून थेट आर्सेनलमध्ये गेला. सख्ख्या शेजारच्या, हाडवैर असलेल्या क्लबमध्ये, आणि टॉटनमच्या हाती एक पैसा न देता. ती जखम तिथल्या लोकांच्या मनात आजही ओली आहे. कॅम्पबेल गेल्यावर बचावाच्या मध्यावर जी जागा रिकामी झाली, ती या घरच्या मुलाने भरली. किंगबद्दल तिथे जो जिव्हाळा आहे, त्याचं मूळ इथं सापडतं.

आणि तो नेहमीच आजारी होता असंही नाही. २००४-०५ च्या हंगामात तो लीगचे सगळेच्या सगळे ३८ सामने खेळला. मग २००६ मध्ये पायाचं हाड मोडलं आणि विश्वचषक हुकला. त्यानंतर गुडघा.

(दृश्य: गुडघ्याच्या सांध्याचं रेखाचित्र.)

आपल्याकडे घरातली म्हातारी माणसं म्हणतात, गुडघ्यातलं वंगण संपलं. किंगचं नेमकं तेच झालं होतं, आणि तेही पंचविशी ओलांडता ओलांडता. सांध्यात दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. धावताना, उडी मारताना बसणारा हादरा ते पेलतं. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती झिजली की त्वचेसारखी किंवा हाडासारखी भरून येत नाही. किंगच्या एका गुडघ्यातली कूर्चा जवळजवळ गेलेली होती. हाडावर हाड घासायचं. सामना खेळला की गुडघा सुजायचा आणि ती सूज उतरायला दिवसच्या दिवस जायचे.

ऑक्टोबर २००८ मध्ये हॅरी रेडनॅप टॉटनमचे व्यवस्थापक झाले. लीगमध्ये संघ तळाला होता. हातातला सगळ्यात चांगला बचावपटू सरावच करू शकत नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात दिसलं असणार. दुसऱ्या कुणी काय केलं असतं? बहुतेकांनी त्याला विकायचा प्रयत्न केला असता, गिऱ्हाईक मिळालं नसतं, मग करार संपायची वाट पाहिली असती. इंग्लिश फुटबॉलमध्ये सरावाला न येणारा खेळाडू संघात घेणं म्हणजे शिस्तीलाच नख लावणं. आठवडाभर घाम गाळणाऱ्या बाकीच्या पोरांना काय सांगायचं?

रेडनॅप यांनी वेगळी वाट धरली. किंगने सगळ्यांबरोबरचा सराव सोडला. तो आठवडाभर तलावात पोहायचा, व्यायामशाळेत घाम गाळायचा. गुडघ्यावर भार येईल असं काही करायचा नाही. आणि शनिवारी थेट मैदानात उतरायचा. तीन-चार दिवसांत दोन सामने आले, तर त्यातला एक सोडायचा.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण बचावाच्या मध्यावर खेळायचं म्हणजे शेजाऱ्याशी सूर जुळलेला हवा. ऑफसाइडची रेषा, म्हणजे बचावपटूंची ओळ, कधी पुढे न्यायची, कोण पुढे जाऊन चेंडूला भिडणार आणि कोण मागे थांबणार, हे सरावाच्या मैदानावरच बसतं. किंग हे सगळं सरावाशिवाय करत होता. समोरचा आघाडीवीर चेंडू कुठे नेणार, हे त्याला आधीच उमगायचं. त्यामुळे जिथे दुसऱ्याला दहा पावलं पळावं लागे, तिथे त्याला चार पुरायची. विंगवरचा खेळाडू असता तर हे शक्यच नव्हतं. वेगावर जगणाऱ्याचा गुडघा गेला की खेळही जातो. किंगचा गुडघा गेला, खेळ राहिला.

(दृश्य: वेम्बली, २००८. लीग चषकाचा जल्लोष.)

आता हिशेब मांडू. २००७-०८ ते २०११-१२ या शेवटच्या पाच हंगामांत किंग लीगमध्ये अनुक्रमे ४, २४, २०, ६ आणि २१ सामने खेळला. एकूण १९० पैकी ७५. नुसते आकडे पाहिले तर कुठलाही हिशेबनीस म्हणेल, सोडा याला.

पण ज्या हंगामात तो लीगचे ४ सामने खेळला, त्याच हंगामात, २४ फेब्रुवारी २००८ ला, टॉटनमने वेम्बलीवर चेल्सीला २-१ हरवून लीग चषक जिंकला. ही लीगपेक्षा वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा. कर्णधार किंग. त्यानंतर टॉटनमच्या हाती पुढचा मोठा चषक थेट मे २०२५ मध्ये आला, बिलबाओमध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात. मधली सतरा वर्षं कोरडी.

आणि ५ मे २०१०. मँचेस्टर सिटीच्या मैदानावर टॉटनम जिंकलं तर लीगमध्ये चौथं स्थान पक्कं, म्हणजे चॅम्पियन्स लीगचं, युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचं, दार उघडं. सिटीकडे पैशाला तोटा नव्हता. पीटर क्राउचने सामना संपत आला असताना डोक्याने गोल केला, टॉटनम १-० ने जिंकलं. तो गोल सगळ्यांना आठवतो. त्या रात्री टॉटनमच्या बचावात मायकेल डॉसनच्या शेजारी किंग उभा होता आणि सिटीला एकही गोल करता आला नाही, हे मात्र फार थोड्यांना आठवतं. त्या हंगामात तो लीगचे २० सामने खेळला होता. अर्ध्याहून जरासे जास्त. रेडनॅप यांचं म्हणणं तेच होतं: वर्षाला वीस सामने मिळाले तरी तो संघात हवा.

(दृश्य: आर्सेनलचं स्टेडियम. रिकामी खुर्ची.)

पण म्हणून दुखापतींनी ग्रासलेल्या प्रत्येक गुणी खेळाडूला धरून ठेवावं, असं मी म्हणणार नाही. चार मैलांवर आर्सेनलमध्ये अबू दियाबी होता. उंचापुरा, देखणा मध्यरक्षक. मे २००६ मध्ये सुंडरलँडविरुद्ध एका बेफाम टॅकलमध्ये त्याचा घोटा मोडला आणि त्यातून तो पूर्ण सावरलाच नाही. आज घोटा, उद्या मांडी, परवा पोटरी, मग गुडघा. आर्सेनलने त्याला २०१५ पर्यंत सांभाळलं. शेवटच्या दोन हंगामांत मिळून त्याच्या वाट्याला दोन सामने आले. क्लबच्या माणुसकीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण दियाबी येईल या भरवशावर मध्यरक्षकाची जागा वर्षानुवर्षं लोंबकळत राहिली, हेही खरं.

फरक इथं आहे. किंगचं दुखणं ओळखीचं होतं. कुठे दुखतं, किती दिवसांनी उतरतं, कशाने वाढतं, हे ठरलेलं. अशा दुखण्याभोवती संसार मांडता येतो. एक चांगला बदली बचावपटू ठेवायचा, आठवड्याचं वेळापत्रक आखायचं, सामने निवडायचे. दियाबीचं दुखणं दर वेळी नव्या दारातून यायचं. त्याच्याभोवती काहीच आखता येत नव्हतं.

खुद्द टॉटनमनेही दोन्ही अनुभव घेतले. २००८ च्या त्या अंतिम सामन्यात जादा वेळेत विजयी गोल करणारा जोनाथन वुडगेट हा बचावातला किंगचा शेजारी. त्याआधी रेआल माद्रिदने २००४ मध्ये त्याला दुखापतीत असतानाच विकत घेतलं होतं आणि पहिला सामना खेळायला त्याला वर्षाहून जास्त थांबावं लागलं. त्या पहिल्याच सामन्यात त्याच्याकडून स्वयंगोल झाला आणि त्याला लाल कार्डही मिळालं. टॉटनमला त्याने चषक मिळवून दिला, पण पुढे दुखापती थांबेनात. २०११ मध्ये टॉटनमने त्याला जाऊ दिलं. किंगला ठेवलं. एकाच क्लबने दोन माणसांबद्दल दोन वेगळे निर्णय घेतले, आणि मला दोन्ही योग्य वाटतात.

(दृश्य: दक्षिण आफ्रिका, २०१०.)

क्लबने जे बसवलं होतं, ते बाहेर चाललं नाही. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडने किंगला नेलं. १२ जूनला रुस्टेनबर्गमध्ये अमेरिकेविरुद्ध तो उतरला आणि मध्यंतराला जांघेची दुखापत घेऊन बाहेर आला. दर काही दिवसांनी सामना, रोजचा सराव, सततचा प्रवास. त्या गुडघ्याला हे झेपणारं नव्हतं. दुखरा गुडघा सांभाळताना शरीर भार दुसरीकडे टाकतं, मग जांघ आणि मांडीचे स्नायू बोलू लागतात.

एक गोष्ट मला या सगळ्यात सलते. क्लबने ठेवावं का, हे सगळे विचारतात. त्या माणसाच्या गुडघ्याचं पुढे काय, हे विचारणारे कमी. कूर्चा नसलेल्या सांध्यावर जितके सामने, तितकी झीज. त्या वीस सामन्यांचा हिशेब टॉटनमच्या वहीत जमेला होता. त्याच्या शरीराच्या वहीत तो खर्चाला होता. किंग हे जाणून खेळला. म्हणूनच शेवट कधी, हे ठरवण्याचा हक्क त्याचाच असायला हवा होता.

शेवटचा हंगाम सोपा गेला नाही. एप्रिल २०१२ मध्ये एफए चषकाच्या उपांत्य सामन्यात चेल्सीने टॉटनमचा ५-१ ने धुव्वा उडवला. त्या दिवशी बचावाच्या मध्यावर किंगच होता. जो अंदाज त्याला चार पावलांत पोहोचवायचा, तो आता पुरा पडेना.

(दृश्य: टॉटनमचा पांढरा शर्ट, पाठीवर २६ क्रमांक.)

१९ जुलै २०१२ ला लेडली किंगने निवृत्ती जाहीर केली. वय ३१. लीगचे २६८ सामने, सगळे टॉटनमसाठी. क्लबने त्याला राजदूत म्हणून आपल्यातच ठेवलं. मे २०१४ मध्ये त्याच्या सन्मानासाठी व्हाइट हार्ट लेनवर खास सामना झाला. ज्या गवतावर त्याने रॉबेनला गाठलं होतं, तिथेच.