काम कुठे चाललंय, ते कशावरून ओळखायचं?

मित्रहो, येताना गणेशखिंड रस्त्यावर माझी रिक्षा 25 मिनिटं हलली नाही. म्हणजे रस्ते-पुलांची कामं कुठे चाललीत ते कसं ओळखायचं, या आजच्या विषयाची उजळणी तिथेच झाली!

बांधकाम म्हटलं की पुणेकराला बाणेर-वाकडचे टॉवर आठवतात. ते आज बाजूला ठेवू. फ्लॅट खपले नाहीत की बिल्डर पुढची बिल्डिंग लांबवतो. ते सगळं बाजाराच्या तालावर. रस्ते, पूल, धरणं, बोगदे यांचं गिऱ्हाईक बहुतेक एकच, सरकार. आणि ही कामं एखाद्या भागात लोंढ्यासारखी येतात, तशीच ओसरतात.

समृद्धी महामार्ग घ्या. 701 किलोमीटर, 10 जिल्हे. वाशीम-बुलढाण्याकडे एरवी मोठं काम म्हणजे एखादा तलाव, नाहीतर कालवा. तिथे एकाएकी काँक्रीट कालवणारे बॅचिंग प्लांट, खडी फोडणारे क्रशर, डंपरच्या रांगा आणि लेबर कॅम्प उभे राहिले. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी रस्ता खुला झाला, यंत्रं पश्चिमेकडे सरकली. शेवटचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा टप्पा 76 किलोमीटरचाच, पण सह्याद्रीतला, त्यात सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा. तो सुरू व्हायला जून 2025 उजाडला. आता विदर्भातल्या बांधकामांवरच्या खर्चाचा तेवढ्या वर्षांचा आलेख काढलात तर आधी डोंगर दिसेल, मग दरी. लगेच कुणीतरी म्हणणार, विदर्भात मंदी आली. अहो, मंदी कसली? काम संपलं!

दुसरी गंमत मार्चची. आर्थिक वर्ष संपायच्या आत निधी खर्ची पडायला हवा, म्हणून बिलं धडाधड निघतात. पावसाळ्यात डांबरीकरण बंद, माती ओली, काम थंड. त्यामुळे जानेवारी-मार्चची तुलना जुलै-सप्टेंबरशी करू नये. गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करावी. हे साधं पथ्य भले भले पाळत नाहीत.

आणि जमिनीचं काय? माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर रस्ता करायचा तर आधी ती उपसा, मुरूम आणून भरा, रोलर फिरवा. आपल्याकडे पुण्यात थोडं खणलं की मुरूम, त्याखाली काळा कातळ. पाया भक्कम मिळतो, पण खोल जायचं तर तोच कातळ घाम काढतो. शिवाजीनगर ते स्वारगेट मेट्रो भुयारातून नेताना बोगदा खणणारं मशीन मुठेच्या पात्राखालून गेलं. कोकणात जांभा आणि दरडी. तेव्हा एक कोटीचं काम तिन्हीकडे सारखं नसतं. नुसते रुपये मोजून कुठला विभाग पुढे, हे ठरवणं मला पटत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, पुण्यात मेट्रोनंतर काय? मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2016 चं, पहिली गाडी मार्च 2022 ला, स्वारगेट सप्टेंबर 2024 ला. शहरातली ही लाट अजून ओसरलेली नाही. हिंजवडीकडे रोज जाणाऱ्यांना मी काय सांगू! पण पुढची लाट शहराबाहेर आहे. पुण्याभोवतीचा रिंग रोड मावळ, मुळशी, हवेली, भोर, पुरंदर अशा तालुक्यांतून जातोय. तिकडे गेलात तर नवा क्रशर कुठे लागलाय, पत्र्याच्या खोल्या कुठे उभ्या राहिल्यात, एवढं बघून या. दिवाळीच्या सुमारास मात्र जाऊ नका. छटपूजेसाठी बिहार-झारखंडचे मजूर गावी गेलेले असतात. चालू कामही बंद पडल्यासारखं दिसेल.