शटर पडल्यावर दिसणारे घोडे

(सकाळ. तर्रीच्या भगोन्यातून वाफ, पोह्यावर चण्याचा रस्सा पडतो.)

नागपूरच्या महाल भागातलं हे पोह्याचं दुकान. सकाळी सहाला शटर वर जाते, अकरा-साडेअकराला पोहे संपले की खाली. म्हणजे शटरवर जे काही काढाल ते पोहे खाणाऱ्याला दिसणारच नाही, तेव्हा ते वर गुंडाळलेलं असते. ही एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली, तर दोन रात्री जागून डिझाईन केल्यावर.

दुकानवाल्या भाऊंना शटरवर झिरो माइलच्या स्मारकाचे घोडे पाहिजे होते. घोडे, बाजूला दगडी खांब अन मागे संत्र्याच्या रंगाचं आभाळ. मी म्हटलं, थांबा, आधी फोटोवर करून दाखवतो. रात्री दहाला ट्यूबलाइटखाली फोटो काढला, घरी गिंप नावाच्या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे उघडला, अन फोटो स्वच्छ करायच्या नादात गंज, जुनं पोस्टर, कुलूप, कोयंडा सगळं क्लोन टूलनी पुसून टाकलं. वर घोडे बसवले. स्क्रीनचा ब्राइटनेस फुल्ल, आभाळ असं झ्याक दिसून राहिलं होतं की मीच माझ्यावर खूश.

सकाळी पेंटर काकांना दाखवलं. त्यांचा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला. ते मोबाईल हातात घेऊन एवढंच म्हणाले, "अबे, रात्री दहाले कोण पाहते हे?"

शटरचं तोंड पश्चिमेला. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या आसपास, दुपारी तीनचं ऊन सरळ त्याच्यावर. मग तीन वाजताच फोटो काढला, शटरच्या बरोब्बर समोर उभं राहून, वाइड लेन्स न लावता, कारण वाइडमधे कडा वाकतात अन मग मापच चुकते. रात्रीचा संत्रा रंग या फोटोवर टाकला तर रस्त्याच्या कामावर ठेवतात ना ते कोन, तसा बोंबलत होता. तो उतरवून मातकट केला तेव्हा कुठे आभाळासारखा वाटायला लागला.

(स्क्रीनवर लेयर एकेक करून चालू-बंद होतात.)

हे असं वारंवार बदलणं जमते ते लेयरमुळे, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले वेगवेगळे थर. फोटोशॉप १९९० मधे आलं तेव्हा त्यात लेयर नव्हतेच, ते १९९४ च्या ३.० मधे आले. त्याआधी एकदा चिकटवलं की चिकटलं, भिंतीवरच्या रंगासारखं. मी घोड्यांचं स्केच पांढऱ्या कागदावर काढून स्कॅन केलं होतं, ते मल्टिप्लायवर टाकलं, म्हणजे वरचा लेयर खालच्यात मिसळायची एक पद्धत. मल्टिप्लायमधे कागदाचा पांढरा नाहीसा होतो अन खालच्या पट्ट्यांच्या सावल्या चित्रातून दिसतात, एकदम शटरवरच काढल्यासारखं. आभाळाचा लेयरही तसाच टाकला. पण जुनं शटर गडद हिरवं, त्याच्यावर संत्रा गेला की चिखल. मल्टिप्लाय रंग फक्त गडदच करते, उजळ करत नाही. अर्धा तास डोकं खाजवून शेवटी खालचं शटरच फोटोत फिकं केलं.

काकांना सांगितलं तर हसले. "मंग तेच तं, पयले पांढरा हात मारा लागते. हे समजाले तुले कॉम्प्युटर लागला?"

दुसरी भानगड निघाली डोळ्याची. पट्टी तीनेक इंचाची, अन एका घोड्याचा डोळा नेमका दोन पट्ट्यांच्या सांध्यात. शटर जरा हललं की घोडा डोळा मारतो. फोटोत तो दोन इंच वर सरकवायला सेकंद लागला, रंगवल्यावर कळलं असतं तर काकांचा दिवस गेला असता, अन मला शिव्या बसल्या असत्या त्या वेगळ्याच. मग आठ फूट रुंदीचा फोटो आठशे पिक्सेलचा केला, शंभराला एक फूट, त्याच्यावर चौकोन पाडले. काकांनी गेरूत सूत बुडवून तेच चौकोन शटरवर मारले.

रंग मात्र त्यांनी पातळच ठेवला. जाड थर दिला तर शटर रोज गुंडाळून गुंडाळून पोपडे निघतात, हे काही फोटोत दिसत नाही. दुपारी लोखंड इतकं तापायचं की ब्रशवरच रंग सुकायचा, म्हणून काम संध्याकाळीच चालायचं.

(संध्याकाळ. शटर खाली येतं.)

काम झालं, भाऊंनी शटर पाडलं, कोयंड्यात कुलूप अडकवलं. ते लटकलं बरोब्बर एका घोड्याच्या खुराखाली. मी फोटोतून पुसलेलं तेच कुलूप, त्यानंतर त्याची आठवण कोणालाच नाही, अन तीनच्या फोटोतही मी ते पुन्हा पुसलेलंच होतं.

काकांनी थोडा वेळ पाहिलं, उरलेला काळा घेतला, अन कुलपाच्या भोवती एक नाल काढून दिली.