जुनं गिटार पेडल विकायचंय? आधी त्याचा ॲडॉप्टर शोधा

(टेबलावर नारिंगी डिस्टॉर्शन पेडल, एक डिले, स्क्रू ड्रायव्हर, ९ व्होल्टची बॅटरी. कॅमेरा समोरून.)

नमस्कार मंडळी. आज वाजवायचं काही नाही, विकायचंय. कपाटात पडून असलेली गिटार पेडल्स, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे, पायाने चालू-बंद करायचे डबे, ठाण्यात किंवा नवी मुंबईत बऱ्या भावात कशी जातील, ते बघू.

हे बॉस कंपनीचं डीएस-१, आवाज फाडून धारदार करणारं डिस्टॉर्शन पेडल. १९७८ साली आलं आणि अजूनही दुकानात नवं मिळतं. म्हणजे तुमच्या घरातलं डीएस-१ काही दुर्मिळ चीज नाही. तरी लोक जुनं घेतात, कारण स्वस्त पडतं. आणि घेताना कचरतात, कारण घरी नेल्यावर चालेल की नाही याची धाकधूक असते. आपल्याला ती धाकधूक घालवायचीय. जाहिरातीत "जबरदस्त टोन, एकदम मख्खन" लिहून ती जात नाही.

तर आधी ॲडॉप्टर. सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

(ॲडॉप्टरची पिन कॅमेऱ्याजवळ आणत)

बहुतेक पेडल्स ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांची पिन सेंटर निगेटिव्ह असते. म्हणजे पिनेच्या आतल्या भोकात ऋण, बाहेरच्या नळीवर धन. आता घरातले बाकीचे ॲडॉप्टर घ्या, वायफाय राउटरचा, सेट टॉप बॉक्सचा. ते बहुतेक याच्या बरोबर उलटे, सेंटर पॉझिटिव्ह, आणि वर १२ व्होल्टचे. पिन मात्र पुष्कळदा अगदी तशीच दिसते आणि मस्त बसतेसुद्धा. घेणारा घरी जातो, राउटरचा ॲडॉप्टर काढून पेडलला खुपसतो, पेडल गप्प. मग रात्री साडेदहाला तुम्हाला फोन, "दादा, बंद पीस दिलात तुम्ही."

यात पेडलचं नेमकं काय होतं? पुष्कळ पेडल्समध्ये उलट्या सप्लायपासून वाचवायला एक डायोड बसवलेला असतो. उलटी वीज आली की तो सगळा करंट स्वतःच्या अंगावर घेतो. थोडा वेळ निभावतो, मग जळतो आणि शॉर्ट होऊन बसतो. त्यानंतर बरोबर ॲडॉप्टर लावला तरी लाइट लागत नाही. बाकीचं सर्किट बऱ्याचदा ठणठणीत असतं.

म्हणून तुमच्याकडचं एखादं पेडल "डेड" असेल, तर मातीमोल भावात काढू नका. बॅटरी काढा, ॲडॉप्टर काढा, मल्टिमीटर कंटिन्युटीवर, म्हणजे तार जोडलेली असली की बीप वाजते त्या खुणेवर, ठेवा आणि डीसी जॅकच्या दोन टोकांना प्रोब लावा. बीप थांबतच नसेल, तर पहिला संशय त्या डायोडवर. लॅमिंग्टन रोडला तो किरकोळ पैशात मिळतो, आणि सोल्डरिंग येणारा कुठलाही माणूस बदलून देईल. चालू पेडल आणि बंद पेडल यांच्या किमतीतला फरक त्या डायोडच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. मात्र दुरुस्ती केली असेल तर घेणाऱ्याला तसं सांगायचं. लपवायचं नाही. उद्या त्याने मागची प्लेट उघडली तर नवं सोल्डर चमकताना दिसणारच आहे.

मूळ ॲडॉप्टर असेल तर तो पेडलबरोबरच द्या, वेगळा विकायच्या फंदात पडू नका. नसेल तर डीसी जॅकच्या बाजूला मास्किंग टेप लावून त्यावर पेनाने लिहा, "९ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह". लिहिण्याआधी तुमच्या पेडलवर काय छापलंय ते वाचा. आवाज भरभरीत करणारी काही फझ पेडल्स उलट्या पोलॅरिटीची असतात, आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या काही जुन्या मोठ्या डब्यांना वेगळाच ॲडॉप्टर लागतो.

आता आतली बॅटरी. या बॉसला पुढे हा स्क्रू आहे, बोटांनी सैल होतो. पाय द्यायची फळी अशी वर उचलायची. (उघडून दाखवत) ही बघा. कनेक्टरच्या बटणांवर पांढरट-हिरवट पूड दिसतेय? बॅटरी आत ठेवून पेडल पावसाळाभर कपाटात पडलं की हे असं होतं. आणखी एक, इनपुट जॅकमध्ये केबल खुपसून ठेवली की बॅटरी उतरत राहते, इफेक्ट बंद असला तरी. त्यामुळे विकायचं ठरलं की पहिलं काम, बॅटरी बाहेर. पूड असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअर बड. कनेक्टर फारच खाल्लेला असेल तर तो बदलणं स्वस्त पडतं.

आपल्याकडे वाशी, बेलापूर, कोपरी, सगळीकडे खाडीची हवा. जॅक ऑक्सिडाइझ होतात, नॉब फिरवला की खर्रर्र होतं. घेणाऱ्याला ते खर्रर्र ऐकू आलं की त्याच्या डोक्यात पाचशे रुपये कमी झालेच. पण ते बहुतेक वेळा नुसत्या धुळीमुळे असतं. मागचे स्क्रू काढायचे, पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या भागाच्या, फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारायचा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवायचा आणि नीट वाळू द्यायचं. कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणतोय मी. दाराच्या बिजागरीला मारतो तो स्प्रे नाही.

पेडल बोर्डावर चिकटवायला खाली लावलेला वेल्क्रो काढायचा की ठेवायचा? काढा. हेअर ड्रायरची गरम हवा द्या, गोंद मऊ झाला की हळूहळू सोला. पण सिरीयल नंबरचा स्टिकर तळाला असतो, तो वेल्क्रोबरोबर निघून आला तर दोन पैसे कमी मिळतील. बॉसच्या जुन्या पेडल्सच्या बाबतीत हा स्टिकर फार महत्त्वाचा. आधी ती जपानमध्ये बनायची, मग तैवानमध्ये, नंतर मलेशियात. जपानी पेडलला शौकीन लोक जास्त मोजतात. आवाजात तेवढा फरक असतो का? माझं मत विचाराल तर बँडच्या गदारोळात कोणालाही कळत नाही. पण आपण विकणारे आहोत. घेणारा लेबलाचे पैसे देत असेल तर आपण लेबल सांभाळावं.

खोका असेल तर उत्तम. बहुतेकांचा दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेलेला असतो. बिल असेल तर त्याचा फोटो टाका, पण नाव, पत्ता, नंबर झाकून.

(कॅमेरा पुन्हा समोर)

बरं, किंमत. इथे माणसं भावनिक होतात. "मी एवढ्याला घेतलं होतं" याचा काही उपयोग नाही. आज तेच पेडल भारतातल्या दुकानात नवं कितीला मिळतंय, ते बघा. फुर्टाडोज, बजाओ यांच्या साइटवर दोन मिनिटांत कळतं. परदेशी साइटवरचे डॉलर गुणून आणू नका. तिथला भाव तिथल्या गिऱ्हाईकाचा, त्यात आपली कस्टम ड्युटी धरलेली नसते. मी स्वतः चांगल्या स्थितीतल्या ॲनालॉग पेडलला नव्या किमतीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास सुरुवात करतो आणि ५५ ला हसत हसत देतो. समजा नवं ८,००० ला असेल, तर ५,२०० लिहायचे आणि साडेचारच्या जवळ सौदा होऊ द्यायचा.

डिजिटल पेडल्सचं गणित वेगळं. डिले (प्रतिध्वनी देणारं), रिव्हर्ब (घुमारा देणारं), लूपर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारं), मल्टिइफेक्ट (एका डब्यात अनेक इफेक्ट) यांची किंमत मोबाइलसारखी उतरते. नवं मॉडेल आलं की जुन्याचं मोल घसरलं. त्यामुळे घरात एक ओव्हरड्राइव्ह, म्हणजे डिस्टॉर्शनचा सौम्य भाऊ, आणि एक मल्टिइफेक्ट असेल आणि पैशांची नड असेल, तर मल्टिइफेक्ट आधी काढा. ओव्हरड्राइव्ह थांबू शकतो. आयबानेझचा टीएस-९ १९८२ सालचा, तरी लोक आजही तोच मागतात. फक्त तशाच सर्किटची स्वस्त पेडल्सही बाजारात आहेत, बेरिंगरचं प्लॅस्टिकचं आहे, छोटी चिनी आहेत. तुमची किंमत त्यांच्या फारच वर गेली की घेणारा तिकडे वळतो.

आणि कोणीतरी कमेंटमध्ये क्लॉनचं नाव काढणार, म्हणून आत्ताच सांगतो. क्लॉन सेंटॉर हे ओव्हरड्राइव्ह पेडल बिल फिनेगन यांनी १९९४ पासून बनवलं, थोडेच नग बनले आणि आज ते हजारो डॉलरला जातात. खरं आहे. पण तुमच्या माझ्या कपाटात ते नाही. आपल्याकडचं ढिगाने बनलेलं पेडल दहा वर्षं ठेवून कोणी श्रीमंत होत नाही.

घेणार कोण? कॉलेजचे बँड तर आहेतच. चर्चमध्ये वाजवणारे गिटारवाले डिले आणि रिव्हर्ब शोधत असतात, नेरूळ-वाशी पट्ट्यात असे बरेच भेटतील. आणि बेंजो पार्टी विसरू नका. मिरवणुकीत बेंजो वाजवणारे लोक आवाजाला धार आणि घुमारा यावा म्हणून इफेक्ट लावतात, आणि त्यांना गणपतीच्या आधी माल हवा असतो. मंडळाची सुपारी आली की ते घासाघीस कमी करतात. म्हणून डिस्टॉर्शन, डिले असलं काही असेल तर जाहिरात आषाढ-श्रावणात टाका. पितृपक्षात टाकून हात चोळत बसू नका.

जाहिरातीबरोबर एक व्हिडिओ द्या. न कापलेला, एका दमात. आधी तळाचा सिरीयल नंबर, मग पेडल सुलटं करून गिटार लावायची. क्लीन आवाज, इफेक्ट चालू, एकेक नॉब शून्यापासून शेवटपर्यंत, मग फूटस्विच सात-आठ वेळा दाबायचा. मध्ये घुर्रर्र आलं तर येऊ दे. तुमचा सोलो टाकू नका, घेणाऱ्याला पेडल ऐकायचंय. खरचटलेल्या जागांचे फोटो जवळून काढा. मॉडिफाय केलं असेल तर सांगा, आणि काढलेले मूळ पार्ट असतील तर तेही द्या.

मग मेसेज येतील. "लास्ट किती?" हा पहिलाच प्रश्न असेल, पेडल चालतं का हेही न विचारता. उत्तर एकच, "बघून घ्या, समोर बोलू." एक्सचेंज विचारणारे असतात. करा, हरकत नाही, पण त्याच्या पेडलचा भावही तुम्ही लावलेल्याच हिशेबाने धरा.

भेटायचं कुठे? घरी बोलावण्यापेक्षा स्टेशनजवळ बरं. ठाण्याचा माणूस आणि नेरूळचा माणूस असेल तर ट्रान्स-हार्बरवर मध्ये ऐरोली-घणसोली पडतं. वाशी स्टेशनचं आवारही ऐसपैस आहे. बरोबर एक छोटी किट ठेवा. नवी ९ व्होल्टची बॅटरी, गिटारची केबल, हेडफोनचा छोटा ॲम्प. त्याला म्हणा गिटार घेऊन ये. डिजिटल पेडल बॅटरीवर सहसा चालत नाही, त्यासाठी पॉवर बँकवरून ९ व्होल्ट काढणारी केबल मिळते, आणि ती किती मिलीॲम्पिअर देते ते आधी तपासा. डिजिटल पेडलला दोन-तीनशे लागू शकतात, डीएस-१ सारख्याला थोडेसेच पुरतात.

पैसे. समोरासमोर यूपीआय, आणि पैसे आले की नाही ते स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये बघायचं. त्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट चालत नाही, एसएमएसवरही विसंबू नका. कोणी म्हणालं, "मी आर्मीत आहे, पोस्टिंग बाहेर आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील", तर तिथेच ब्लॉक. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. फसलातच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, दोन दिवस विचार करत बसू नका.

बाहेरगावचं गिऱ्हाईक असेल तर पूर्ण पैसे आधी. बॅटरी काढून, नॉबभोवती फोम लावून, खोक्यात खोका अशी पॅकिंग, आणि पॅक करतानाचा व्हिडिओ.

आणि विकलं गेलं की जाहिरात काढून टाका बरं का. नाहीतर "अव्हेलेबल आहे का" दसऱ्यापर्यंत येत राहतं.