गाडी चालवणारा आणि फोटो काढणारा

पहिली स्लाइड बघून तुम्हाला वाटत असेल प्रोजेक्टरचा लॅम्प गेलाय. मागच्या रांगेतले काका तर उठून स्विचबोर्डाकडे निघालेसुद्धा. बसा काका, प्रोजेक्टर ठीक आहे. तो बर्फ आहे, किब्बरचा, हिमाचलमधल्या स्पितीतला, आणि तो असा मळक्या पंचासारखा मीच काढलाय. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे काही असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो, त्याला बिचाऱ्याला काय माहिती समोर सगळं पांढरंशुभ्र आहे, तो आपला उजेड कमी करत बसतो. बर्फात एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, मुद्दाम एक ते पावणेदोन स्टॉप वर ढकलावं लागतं, हे मी वाचलेलं होतं, भिगवणला बोटीत बसून नवीन पोरांना दोनदा शिकवलंसुद्धा होतं, आणि तरी पहिल्या सकाळचे सगळे फोटो असे आले. बोटं इतकी गारठली होती की डायल फिरवायचं सुचलंच नाही.

तर मी फेब्रुवारीत पुण्याहून एकटा गाडी घेऊन स्पितीला गेलो, हिमबिबट्याचे फोटो काढायला. साधारण बावीसशे किलोमीटर, एका बाजूने. धुळे, सेंधवा, इंदूर, कोटा, जयपूर, चंदीगड हा भाग मी सांगत नाही, तो फास्टॅगचा मेसेज, ढाबा, झोप आणि परत फास्टॅगचा मेसेज एवढाच आहे. थंडीत स्पितीला मनालीकडून जाता येत नाही, कुंझुम पास बर्फाने बंद असतो, त्यामुळे शिमला, नारकंडा, रामपूर, मग सतलजच्या कडेकडेने किन्नौरमधून वर जायचं. हा रस्ता लांबचा असला तरी एका अर्थी बरा, कारण उंची हळूहळू वाढते. कल्पा २९०० मीटरच्या आसपास, ताबो ३३०० च्या आत, काझा साडेछत्तीसशे, किब्बर बेचाळीसशे. कळसूबाई १६४६, म्हणजे अडीच कळसूबाया एकावर एक ठेवल्या की किब्बर येतं. मी कल्पाला दोन रात्री राहिलो, तिथून किन्नर कैलास समोर दिसतो, आणि खरं सांगायचं तर डोंगरांचे माझे बरे फोटो तिथलेच आहेत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पायात चपला घालून काढलेले.

एकटं जाण्याबद्दल लोक दोनच गोष्टी विचारतात, भीती नाही वाटली का आणि घरच्यांनी जाऊ कसं दिलं. भीतीचं सांगतो पुढे. घरच्यांचं असं की बहिणीशी ठरलेलं होतं, रोज संध्याकाळी पाचच्या आत मुक्कामी पोचून मेसेज टाकायचा, आठपर्यंत मेसेज नाही आला तर तिने होमस्टेला फोन करायचा, त्यांचा नंबर आणि रस्त्यातल्या गावांची यादी तिच्या फ्रीजवर. तिने एकदाच फोन केला, त्या दिवशी मी पोचलो होतो आणि जेवून झोपलो होतो. त्यावरून जे ऐकून घेतलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

मुख्य अडचण मला वाटली ती वेगळीच. दोघं असले की एक गाडी चालवतो आणि दुसरा खिडकीबाहेर बघत 'थांब थांब थांब' म्हणतो. एकट्याने गेलं की हे दोघं एकाच सीटवर बसतात, आणि त्यांचं आपापसात अजिबात पटत नाही. किन्नौरमधला तरांडा ढांकचा रस्ता फोटोत बघितला असेल, कड्याच्या पोटात कोरलेला, डोक्यावर दगड आणि बाजूला खाली सतलज. तिथे फोटो काढणारा म्हणतो केवढा उजेड आलाय बघ, आणि गाडी चालवणारा म्हणतो समोरून एसटी येतीय. (त्यांच्याकडे एचआरटीसी म्हणतात, पण ड्रायव्हरचा आत्मविश्वास आपल्या एसटीचाच.) खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून सतलज सोडून स्पितीच्या काठाने वर जायचं. तिथपर्यंत माझ्यातला ड्रायव्हर जिंकत आला होता. ताबोच्या अलीकडे तो हरला.

झालं असं की डाव्या हाताला वर कड्यावर आयबेक्स, म्हणजे तिकडचे रानबोकड, दिसले, तीन नर, शिंगं मागे वळलेली, मागे निळं आकाश. मी वळणावर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि कॅमेरा घेऊन उतरलो. आता त्या वळणावर ऊन येत नाही. वरून झिरपणारं नाल्याचं पाणी रस्त्यावर पसरून काचेसारखं गोठलेलं, आणि त्यावर धूळ बसल्यामुळे ते डांबरासारखंच दिसत होतं. चार फोटो काढले आणि मागून आवाज आला, चर्रर्र असा, शाळेत फळ्यावर खडू घासल्यासारखा. बघतो तर गाडी चाललीय. आडवी, अगदी सावकाश, कोणी ढकलतंय असं वाटावं इतकी सावकाश, दरीच्या बाजूला. हँडब्रेक चाकं धरतो हो, बर्फ कुठे धरतो! चार-पाच फूट गेली आणि कडेच्या खडीत मागचं चाक रुतून थांबली. मी त्या वेळात काय केलं म्हणाल तर काही नाही, हातात कॅमेरा धरून उभा होतो, साधं ओरडलोही नाही, आणि ओरडून गाडी थोडीच थांबणार होती.

वीसेक मिनिटांनी एक पिकअप आली. तो ड्रायव्हर उतरला, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गळ्यातल्या लेन्सकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "पहले पत्थर, फिर फोटो." म्हणजे थांबलास की आधी चाकाला दगड लाव. मग त्याने फावड्याने कडेची माती चाकांसमोर टाकली, वर बादलीतली राख पसरली, तिकडे तंदूरची राख अशी बरोबर ठेवतात. तंदूर म्हणजे रोटीचा नाही, खोली गरम करायची लोखंडी शेगडी, तिची नळी छतातून बाहेर जाते. मला पहिल्या गिअरमध्ये, क्लच अगदी हलका सोडत बाहेर काढायला लावलं. पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून माझ्या सीटखाली दोन दगड असतात, आत्ताही आहेत, पार्किंगमध्ये कोणाला बघायचे असतील तर दाखवतो.

थंडीचं थोडं सांगतो, कारण पुण्यात आठ डिग्री झालं की पेपरात शेकोटीचा फोटो येतो, आणि तिथे रात्री उणे वीसच्या आसपास. रात्री हँडब्रेक लावायचाच नाही, ब्रेक ओला असेल तर जागच्या जागी गोठतो, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि पुन्हा तेच, दगड. डिझेल गाडीवाल्यांनी आपल्याकडून भरलेल्या टाकीवर वर जाऊ नये, थंडीत त्यातलं मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. माझी पेट्रोलची, म्हणून सुटलो. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीत भराभर उतरतात, त्या अंगाला लागून असलेल्या खिशात ठेवायच्या, मेलेली वाटणारी बॅटरी खिशात गरम झाली की पुन्हा पन्नासेक फोटो देते. आणि बाहेरून आल्यावर कॅमेरा तसाच तंदूरशेजारी नेलात तर आत-बाहेर सगळीकडे दव धरतं, चष्म्याचं होतं तसंच, फक्त चष्मा पुसता येतो. बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट बांधायचा, आत आणायचा आणि दोन तास पिशवी उघडायची नाही. होमस्टेच्या मावशींना वाटलं मी त्यात काहीतरी खायचं लपवतोय.

आता हिमबिबट्या. तो फेब्रुवारीतच का, तर बर्फ वाढलं की भरल, म्हणजे तिकडच्या रानमेंढ्या, आणि आयबेक्स खाली उतरतात आणि त्यांच्यामागे हाही, शिवाय हा हिमबिबट्यांच्या जोड्या जमायचा काळ, त्यामुळे हालचाल जास्त. २०२४ च्या जानेवारीत जो देशभराच्या गणतीचा अहवाल आला त्यात भारतात ७१८ हिमबिबटे, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये, आणि अख्ख्या हिमाचलमध्ये ५१. एक्कावन्न! आपल्याकडे जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या सापडतो त्या हिशोबाने तिकडे जाऊ नका.

आणि तो आपल्याला सापडतच नाही, तो गावातल्या पोरांना सापडतो. किब्बर आणि चिचमच्या मधे खोल घळ आहे, २०१७ पासून तिच्यावर पूल आहे, त्याआधी लोक दोराला लटकवलेल्या पाळण्यातून पलीकडे जायचे. घळीच्या काठावर ही पोरं स्कोप, म्हणजे मोठी दुर्बीण, लावून सकाळी सातपासून उभी. ती बिबट्याला शोधत नाहीत, भरलांकडे बघत राहतात. सगळा कळप चरायचा थांबून एकाच दिशेला मान करतो तेव्हा स्कोप तिकडे वळतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दाखवला, तो पिवळा पट्टा, त्याखाली दोन दगड, डावीकडचा सोडून त्याच्या वर. मी म्हटलं दिसला, आणि खटाखट फोटो काढले. रात्री लॅपटॉपवर मोठे करून बघितले तर मी डावीकडच्या दगडाचे १४० फोटो काढले होते. बिबट्या फ्रेमच्या बाहेर.

पाचव्या दिवशी मात्र नीट दिसला. पलीकडच्या कड्यावर, साडेतीनशे-चारशे मीटरवर, सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधूनही नखाएवढा. तीन तास झोपला होता. मग उठला, आधी पुढचे पाय ताणले, मग मागचे, आपली मांजर सोफ्यावरून उतरताना करते अगदी तसं, आणि चालायला लागला. ती शेपटी बघा स्लाइडमध्ये, जवळजवळ मीटरभर, कड्यावर तोल सांभाळायला आणि झोपताना तोंडावर ओढून घ्यायला. फोटो धूसर आहे, मला माहितीये. ऊन गेलं होतं आणि तोपर्यंत मीही थरथरत होतो, दोन्हीचा वाटा आहे त्यात.

ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, की सगळ्यात चांगला फोटो कोणता. सांगतो, तो दाखवता येणार नाही. परत येताना, ताबो सोडल्यावर, जवळजवळ त्याच वळणापाशी, सकाळी नऊला आयबेक्स रस्त्यावर होते. या वेळी वर कड्यावर नाही, बॉनेटपासून वीस फुटांवर. एक म्हातारा नर, दाढीला बर्फाचे मणी, श्वासाची वाफ उन्हात सोनेरी दिसतेय. खाली तोच काचेचा रस्ता, मागे ट्रक. कॅमेरा शेजारच्या सीटवर, चेन उघडी. मी हळूहळू पुढे जात राहिलो, ते बाजूला झाले, आरशात दिसले आणि गेले. चार किलोमीटरवर उन्हातली सपाट जागा मिळाली तिथे थांबलो, दगड लावले, थर्मास काढला. चहा कोमट झाला होता. हा त्या थर्मासचा फोटो.