मंडळीची पहिली कमिटी

श्रोतेहो, नमस्कार.

ख्रिस्ती मंडळी कशासाठी असते, असं विचारलं की बहुतेक जण चटकन सांगतात, उपासनेसाठी. ते खरंच आहे. पण यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीने पहिली कमिटी कशासाठी नेमली, ते पाहिलं की या उत्तराचा उरलेला अर्धा भाग हाती लागतो.

बायबलच्या नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, सहावा अध्याय. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, अशी कुरकुर सुरू झाली. येशूबरोबर वावरलेले प्रेषित समोर होते, हजारो लोक नव्याने विश्वासात आले होते, आणि तरीही पंगतीत आपलं-परकं झालंच. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना फुटीर ठरवलं नाही. सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावलं आणि सात जण निवडायला सांगितलं. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं! मला यातून एवढंच दिसतं, की ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्याच हाती वाढायची पळी दिली गेली.

'प्रेषितांनी स्वतःकडे प्रार्थना आणि वचनाची सेवा ठेवली, म्हणजे अन्नवाटप हे खालचं काम,' असा अर्थ काही जण काढतात. मला तो मुळीच पटत नाही. वाढप्यांसाठी अट काय होती? ते पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेले असावेत. प्रार्थना करून, डोक्यावर हात ठेवून त्यांना नेमलं गेलं. आणि त्यांच्यातलाच स्तेफन पुढे ख्रिस्तासाठी दगडमार सोसून मेला.

आपल्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं केलं. वानलेसवाडी हे नाव आजही आपल्या तोंडी आहे. त्या हॉस्पिटलातून बरे होऊन गेलेले बहुतेक लोक ज्या धर्माचे आले, त्याच धर्माचे परत गेले. 'मग मिशनने कमावलं काय?' हा प्रश्न मी मंडळीतल्या माणसांकडूनही ऐकलाय. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं. उपकार मानायला एकटाच मागे फिरला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशूने विचारलं जरूर, पण त्यांचं बरेपण काढून घेतलं नाही.

साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्यांसाठी तो खुला होता, मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. दोनच वर्षांनी टिळक गेले. पण मंडळीची हद्द हजेरीपटावर संपत नाही, हे त्यांनी आपल्या मातीत सांगून ठेवलं.

आता आपल्याकडे बघू. रविवारची उपासना संपते, कमिटी बसते. कंपाउंडची भिंत, गळणारं छप्पर, नाताळची वर्गणी, मागच्या सभेचं इतिवृत्त. बाहेर पायरीवर एखादी आजी बसलेली असते. औषधाची चिठ्ठी घडी घालून पदराच्या गाठीत बांधलेली. पाळकसाहेब बाहेर येतील, मग बोलू, म्हणून ती थांबलेली असते. तिचा विषय निघालाच तर 'ऐन वेळचे विषय' यात निघतो, आणि तोवर निम्मे सभासद जेवायला घरी गेलेले असतात. भिंत बांधू नये असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात छप्पर गळतं, ते शाकारायलाच हवं.

माझी मागणी साधी आहे. सांगली-साताऱ्यातल्या प्रत्येक मंडळीने येत्या सभेत हा विषय पहिला घ्यावा: आपल्या परिसरात कोणाच्या घरी अन्न नाही, औषध नाही, आणि ते घर ख्रिस्ती आहे का, हे विचारू नये. आणि त्या आजीला पायरीवरून आत बोलवावं, कमिटीवर घ्यावं. मदत कोणाला द्यायची हे ठरवताना तिचंही मत मोजलं जावं.