एलमिना: किल्ल्याबाहेरचं गाव

मंडळी, घानाच्या किनाऱ्यावर एलमिनाला जाणारे बहुतेक प्रवासी तिथला पांढरा किल्ला बघतात आणि परततात. किल्ला बघायलाच हवा. १४८२ साली दियोगो द अझांबुजा पोर्तुगालहून घडीव दगड, चुना, लाकूड जहाजांत भरून आणि गवंडी-सुतार सोबत घेऊन इथे उतरला. पोर्तुगिजांनी गोवा घेतला, त्याच्या २८ वर्षं आधीची ही गोष्ट. बांधकामासाठी त्यांनी गावकऱ्यांचा पवित्र खडक फोडायला घेतला, तेव्हा गाव अंगावर चालून आलं. नजराणे वाढवून प्रकरण मिटवावं लागलं. सोन्याच्या व्यापारासाठी उभारलेली ही वखार पुढे गुलाम म्हणून विकायची माणसं कोंडून ठेवायची जागा झाली. १६३७ मध्ये ती डचांनी जिंकली.

बायकांच्या कोठड्यांसमोरच्या चौकात उभं राहून वर बघा. तिथे गव्हर्नरचा सज्जा आहे. तो वरून बघून निवड करायचा आणि त्या बाईला जिन्याने वर नेलं जायचं. समुद्राच्या बाजूला एक चिंचोळी फट आहे, अंग चोरून जेमतेम एक माणूस बाहेर पडेल एवढी. तिथून होडीत, होडीतून जहाजावर. आणि याच इमारतीत डचांचं प्रार्थनाघर. दारावर बायबलमधल्या १३२व्या स्तोत्राची ओळ कोरलेली: हे परमेश्वराचं कायमचं विश्रांतिस्थान. ही ओळ वाचून मला आजही संताप येतो.

पण आज मला बोलायचंय ते किल्ल्याबाहेरच्या एलमिनाबद्दल. किल्ल्याला लागून जी मोकळी जागा दिसते, तिथे एके काळी दाट वस्ती होती. १८७२ मध्ये डचांनी एलमिना परस्पर इंग्रजांच्या हवाली केलं. इंग्रजांचं वैरी असलेल्या असांते राज्याशी जुना स्नेह असलेल्या गावाला ते मान्य नव्हतं. जून १८७३ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून ती वस्ती जमीनदोस्त केली. ती तिथे पुन्हा कधीच उभी राहिली नाही. माझ्या मते एलमिनाचं सर्वांत मोठं स्मारक ही रिकामी जागाच आहे, आणि तिच्यासमोर थांबणारे फार थोडे.

बेन्या खाडीपलीकडे गेलात की गल्ल्यांमध्ये पोसुबान दिसतात. असाफो, म्हणजे गावातल्या लढाऊ तुकड्या, त्यांची ही देवस्थानं. सिमेंटचे, भडक रंगांत रंगवलेले माणसाच्या उंचीचे पुतळे, जहाजं, अगदी विमानसुद्धा! प्रत्येक तुकडी आपला पराक्रम आणि प्रतिस्पर्ध्यांना दिलेलं आव्हान तिथे मांडते.

त्यापुढे जावा हिल. १८३१ ते १८७२ दरम्यान डचांनी या किनाऱ्यावरून सुमारे ३,००० आफ्रिकी शिपाई इंडोनेशियातल्या आपल्या फौजेत भरती केले. त्यातले बरेच जण गुलाम होते. सुटकेची रक्कम त्यांच्याच पगारातून कापली जायची. काही जण जावातच पुर्वोरेजोला स्थायिक झाले. जे परतले, त्यांना या टेकडीवर जागा मिळाली. आज गावात त्यांच्या आठवणींचं छोटं संग्रहालय आहे. एलमिनातलं मला सर्वांत आवडतं ठिकाण तेच.

जाणार असाल, तर जुलैचा पहिला मंगळवार साधा. त्या दिवशी बाकातुए हा सण असतो. मासेमारीची बंदी उठते, खाडीला कुस्करलेला याम (एक कंद) आणि अंडी वाहतात, मग तीनदा जाळं टाकलं जातं. पहिली मासळी बेन्या देवाची, त्यानंतर बाजाराची.