भाताची पुस्तिका: आकडा एकाच जागी

[दृश्य: मुरबाड तालुका, मे महिन्याची अखेर. नांगरलेली खाचरं. मोबाईलवर उघडलेली जुनी पीडीएफ.]

मुरबाड, शहापूर, भिवंडी. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात खरीप म्हणजे भात. मृग जवळ आला की व्हॉट्सॲपवर लागवडीच्या पुस्तिका फिरू लागतात. त्यांतल्या कित्येक जुन्या असतात. खोडकिडीसाठी दाणेदार फोरेट टाका, असं सांगणारं एखादं पान अजूनही पुढे पाठवलं जातं. केंद्र सरकारच्या २०१८च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटच्या वापरावर देशभर बंदी आहे. ते पान लिहिलं गेलं तेव्हा चूक नव्हतं. छापून बाहेर पडल्यावर ते दुरुस्त करायला किंवा मागे घ्यायला मात्र काही सोय नव्हती.

ही सोय असलेली पुस्तिका अनेकांनी मिळून ऑनलाइन कशी लिहायची, ते आता पाहू.

[दृश्य: ठाणे शहर. संगणकाच्या पडद्यावर डावीकडे जुनी पुस्तिका, उजवीकडे नवा मजकूर.]

आधी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत आणायचा. जुन्या पुस्तिका श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. कन्व्हर्टरमधून काढताना रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात. ते वाचताना लगेच खटकतं, म्हणून त्याची फार चिंता नाही. चिंता न दिसणाऱ्या चुकांची. 'शेतकऱ्यांनी' हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोध घेतला की एक सापडतो आणि दुसरा निसटतो. दुरुस्ती अर्ध्याच ठिकाणी होते.

शून्य गळणं त्याहून वाईट. बियाणं निवडायला तीन टक्के मिठाचं पाणी करतात, म्हणजे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. १० मधलं शून्य ओळ तुटताना गेलं, तर ३०० ग्रॅम मीठ एका लिटरला पडतं. इतक्या दाट द्रावणात भरलेले दाणेही तरंगू लागतात आणि पोचट समजून फेकले जातात. म्हणून कन्व्हर्टरमधून आलेला प्रत्येक आकडा छापील प्रतीशी ताडून पाहायचा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवायचं. याला दुसरा उपाय नाही.

[दृश्य: शीटमधली एक रांग, जवळून.]

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची. आकडे मजकुरात विखुरलेले ठेवायचे नाहीत, त्यांची वेगळी शीट करायची. एका शिफारशीला एक रांग: घटक, मात्रा, एकक, क्षेत्र, आधार कोणता, कोणी तपासलं, कधी तपासलं, पुन्हा कधी तपासायचं.

चारसूत्री या भात लागवडीच्या पद्धतीची रांग पाहा. रोपं १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर. दर चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये युरिया-डीएपी खताची २.७ ग्रॅमची एक गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल. १५ अधिक २५ म्हणजे ४०, तेव्हा ४० बाय ४० सेंटिमीटरला एक गोळी. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजन सुमारे १७० किलो. गुंठ्याला साधारण ६२५ गोळ्या. हे आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. कोणी अंतर १५-२० केलं, तर गोळ्या ८१,००० च्या पुढे जातात आणि खत २२० किलोवर. म्हणून गोळ्यांची संख्या हाताने लिहायची नाही, शीटमध्ये सूत्र घालायचं.

एक खबरदारी. शीटमधला तक्ता गूगल डॉक्समध्ये जोडला, तरी शीट बदलल्यावर तो आपोआप बदलत नाही. तक्त्यावरचं अपडेटचं बटण दाबावं लागतं. मीडियाविकीवर, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या प्रणालीवर, साचा (अनेक पानांत वापरता येणारा सामाईक मजकूर) वापरला, तर एका जागी केलेला बदल सगळ्या पानांवर उमटतो. पुस्तिका पाच-सहा असतील आणि विकी सांभाळणारा माणूस हाताशी असेल, तर विकीच घ्यावी. नाहीतर डॉक्स पुरे.

आता अधिकार. सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) सुचवण्याचा अधिकार द्यायचा, थेट बदलण्याचा नाही. सूचना मान्य करणारा प्रत्येक विषयाला एकच: कीड-रोगाचा एक, खतांचा एक. सगळ्यांना संपादन खुलं केलं की काय होतं? समजा, गोळीच्या खोलीची ओळ चुकून ५ सेंटिमीटर अशी पडली आहे. माळशेजच्या पायथ्याशी रेंज नसताना एकाने ५ खोडून ७ केले, दुसऱ्याने त्याच वेळी १० केले. रेंज आल्यावर दोघांचेही बदल टिकतात, आणि पानावर '७१०' असं काहीतरी उमटतं. रेंज नसलेल्या भागातून फक्त टिप्पणी करावी. तीही नुसतं 'हे चुकलंय' अशी नको. कोणतं गाव, हळवं (लवकर येणारं) की गरवं (उशिरा येणारं) वाण, काय दिसलं, हे लिहिलं तरच तपासणाऱ्याला काम करता येतं.

छपाईला देण्याआधी त्या आवृत्तीला नाव द्यायचं, हंगाम आणि तारखेसह. मग छापायला नेमकी कोणती आवृत्ती दिली होती, ते इतिहासात शोधावं लागत नाही.

पत्त्यांचं पान सहसा कोणी उघडत नाही, पण तेही तपासायला हवं. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या ठाण्याच्या पुस्तिकांत वाडा, जव्हार, डहाणूचे पत्ते आणि कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र ठाणे जिल्ह्यात दिसतं.

[दृश्य: छापील मुखपृष्ठावरचा क्यूआर कोड.]

शेवटी प्रसारण. नवी पीडीएफ वेगळी फाइल म्हणून चढवली, की लिंक बदलते आणि छापलेला क्यूआर जुन्याच प्रतीवर नेतो. गूगल ड्राइव्हवर त्याच फाइलची नवी आवृत्ती चढवावी, लिंक तीच राहते. जुनी आवृत्ती मात्र तीस दिवसांनी पुसली जाऊ शकते. नोंदीसाठी हवी असेल, तर ती कायम ठेवण्याचा पर्याय निवडावा. एखादी पुस्तिका पूर्ण रद्द करायची असेल, तर फाइल नुसती काढून टाकू नये. त्याच लिंकवर एक पान ठेवावं: कोणती शिफारस रद्द झाली, का झाली, तिच्या जागी काय करायचं, आणि कोणत्या तारखेपासून.